वाळवंटांतील सायकल-शर्यतीची पूर्वतयारी

वैशाखांतल्या दुपारीं बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतील तलवाडा हें गांव पाहावें. त्वरितादेवीच्या देवळाकडे जाणारी वाट ओस पडलेली असते. दुकानांच्या फळ्या अर्ध्या ओढलेल्या असतात. शेतांतील काळी जमीन इतकी भेगाळलेली असते कीं, भेगेंत घातलेली काठी हातभर आंत जावी. पारा चाळिसांच्या वर चढतो आणि कित्येक दिवस खालीं उतरण्याचें नांव घेत नाहीं. अशा वेळीं कोणी तरुण सायकल घेऊन बाहेर पडला, तर ओट्यावर बसलेली वडीलधारी मंडळी त्यास वेडा म्हणतील, आणि तें म्हणणें अगदींच निराधार ठरणार नाहीं. परंतु वाळवंटांतील लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी ज्यास करावयाची आहे, त्यानें जैसलमेर किंवा आफ्रिका गांठलीच पाहिजे असें नाहीं. त्यास लागणारें बरेंचसें शिक्षण या गांवाच्या शिवारांतच मिळण्यासारखें आहे.

या शर्यती कोणत्या, हें आधीं सांगितलें पाहिजे. यांत स्पर्धकाच्या मागें मोटार नसते, वाटेंत पाण्याचा पेला पुढें करणारा स्वयंसेवक नसतो आणि बहुधा शेवटीं बक्षीसही नसतें. आपलें ओझें आपण वाहावें. दुकान, खानावळ, नळ असें जें साहाय्य सर्वांस सारखेंच मिळण्यासारखें आहे, तेवढेंच घ्यावें. मित्रानें किंवा आप्तानें ठरवून आणून दिलेली भाकरीसुद्धां चालत नाहीं. अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत मेक्सिकोच्या सीमेपासून युटा राज्याच्या सीमेपर्यंत सुमारें आठशें मैलांची एक पायवाट आहे. ती मूळ फ्लॅगस्टाफ गांवच्या डेल श्यूवॉल्टर या शाळामास्तरांच्या डोक्यांतून निघाली. १९८५ सालीं त्यांनीं तें राज्य दक्षिणेकडून उत्तरेकडे स्वतः चालून पाहिलें. २००९ सालीं त्या वाटेस राष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि २०११ सालीं तिचा शेवटचा तुकडा जोडला गेला. मास्तर लोक मुलांस केवळ नकाशे काढावयास लावतात, असा ज्यांचा समज आहे त्यांनीं हें लक्षांत ठेवावें. याच वाटेनें जाड टायरांच्या डोंगरी सायकलींची स्वावलंबी शर्यत होते. मूळ मार्गांत ग्रँड कॅन्यनची प्रचंड दरी आडवी येते. तेथें सायकल चालविण्यास मनाई असल्यामुळें स्पर्धकानें आपली सायकल मोडून-बांधून पाठीवर घ्यावयाची, आणि चाक भुईस न टेकवितां सुमारें चौतीस किलोमीटर दरी उतरून पुन्हां चढावयाची, असा नियम आहे. जी आपणांस वाहून नेते तिलाच एकदां आपण वाहून न्यावें, यांत न्याय आहे खरा.

सायकलीवरून वाळवंट ओलांडण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाहीं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईच्या एका व्यायाममंडळांतील सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमान कापडिया हीं त्यांचीं नांवें. इराण ओलांडून ते बगदादेस गेले, आणि तेथून अलेप्पोपर्यंतचें सुमारें साडेनऊशें किलोमीटरांचें वाळवंट त्यांनीं तेवीस दिवसांत पार केलें. दिवसास सरासरी एकेचाळीस किलोमीटर हा हिशेब डांबरी सडकेवर कोणासही साधेल; वाळू, तहान आणि भर उन्हाळा यांच्यामध्यें तो साधणें निराळें. १८ मार्च १९२८ रोजीं हकीम, बापासोला व भूमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर फिरून मुंबईस परत आले. त्यांच्या इंग्रजी प्रवासवृत्तास जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. उरलेल्या तिघांनीं मध्येंच प्रवास सोडला होता. यांत कमीपणा कांहीं नाहीं. सोडावें केव्हां हें कळणें हाही या विद्येचाच भाग आहे, आणि त्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे.

अलीकडच्या काळांत नाशिकचे डॉ. महेंद्र व डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं, आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं एकट्यानें २०१७ सालीं, अमेरिका आडवी ओलांडण्याची सुमारें तीन हजार मैलांची शर्यत पुरी केली. तिच्याही प्रारंभीं वाळवंट लागतें. मात्र त्या शर्यतींत पाणी, बर्फ, अन्न आणि वैद्य घेऊन मोटार मागें चालते. तो पराक्रम मोठाच. पण स्वावलंबी शर्यतींत मागें वळून पाहिलें तर आपली सांवली तेवढी दिसते. म्हणून येथें तयारीचा आरंभ पायांच्या बळापासून न करितां पाण्याच्या हिशेबापासून करावा लागतो.

हा हिशेब घरीं करतां येतो, आणि त्यास वजनाच्या कांट्याखेरीज दुसरें यंत्र लागत नाहीं. समजा, सायकलीवर बसण्यापूर्वीं तरुणाचें वजन ६२ किलो भरलें. दीड तास उन्हांत सायकल चालवून, अंग पुसून, पुन्हां तोललें तर तें ६०.८ किलो भरलें. मध्यंतरीं त्यानें अर्धा लिटर पाणी प्यालें. म्हणजे १.२ आणि ०.५ मिळून १.७ लिटर घाम गेला, ताशीं १.१ लिटरांहून थोडा अधिक. आतां वाटेंत पाण्याच्या दोन ठिकाणांमध्यें साठ किलोमीटरांचें अंतर असेल आणि खडकाळ वाटेवर ताशीं दहा किलोमीटर वेग पडत असेल, तर सहा तास लागतात. सारा घाम तेथल्या तेथें भरून काढण्याची गरज नाहीं, आणि पोटही तितकें पाणी पचवीत नाहीं. तरी पांच-साहा लिटर पाणी बरोबर हवें. पाण्याचें वजन लिटरास एक किलो. चौदा किलोंच्या सायकलीवर सहा किलो पाणी चढलें कीं, चढावर वेग आणखी मंदावतो, वेळ वाढतो, आणि वाढलेल्या वेळेसाठीं आणखी पाणी लागतें! ही गांठ शक्तीनें सुटत नाहीं. ती घड्याळानें सुटते. तोच पल्ला रात्रीं तीन वाजतां निघून नऊच्या आंत कापला, तर घाम पुष्कळच कमी जातो. भर दुपारीं सांवलींत पडून राहणारा स्पर्धक आळशी नसून हिशेबी असतो. आपल्याकडील शेतकरी वैशाखांत पहांटे औत धरतो आणि ऊन चढण्यापूर्वीं सोडतो, तो कोणत्या शर्यतीचा नियम वाचून नव्हे.

पाण्याबरोबर मिठाचा विचार न करणें ही सुशिक्षितांची नेहमींची चूक. घामांतून मीठ जातें. त्याच्या बदलीं नुसतें पाणीच लिटरमागून लिटर पोटांत गेलें, तर रक्तांतील मिठाचें प्रमाण घटतें, डोकें दुखूं लागतें, मळमळतें, आणि क्वचित् मेंदूस सूज येऊन प्राणावरही बेततें. अतिसारांत आई मुलास जें देते तेंच पेय येथें उपयोगीं पडतें: लिटरभर पाण्यांत सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. शेंगदाण्याची चटणी, खारे शेंगदाणे, भाकरी हीं परदेशी पाकिटांहून कमी योग्यतेचीं नाहींत. गुळपोळी उन्हांत टिकते आणि बळ देते. पण ती तहान वाढवते, तेव्हां तिचा उपयोग पाण्याजवळच करावा.

उन्हाची संवय ही दुसरी बाब. दहा ते चौदा दिवस रोज तास-दीड तास उन्हांत, बेतानें, श्रम केले म्हणजे शरीर बदलतें. रक्तांतील पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यांतून मीठ कमी जातें. मात्र ही कमाई कांहीं आठवड्यांतच ओसरते. फाल्गुनांत केलेली तयारी आषाढांत उपयोगी पडत नाहीं. पहिल्या दोन-तीन दिवशीं एकट्यानें जाऊं नये. ज्याची जीभ अडखळते, ज्यास ओळखीची वाट ओळखूं येत नाहीं, त्यास उष्माघात होत आहे असें समजून सांवलींत निजवावें, अंगावर मुबलक पाणी ओतून वारा घालावा आणि दवाखाना गांठावा. तेथें एक क्षणही वाद घालीत बसूं नये.

आतां वाहनाकडे वळूं. वाळवंटांत चाकांचा खरा वैरी वाळू नसून कांटा होय. तलवाड्यांतील प्रत्येक अनवाणी पोरास सराटा ओळखीचा आहे. वैद्य त्यास गोखरू म्हणतात. जमिनीवर पसरलेला वेल, लहान पिवळीं फुलें, आणि कसाही पडला तरी टोंक वर ठेवणारा कांटा. हीच वनस्पति, अगदीं हीच, शंभराहून अधिक वर्षें अमेरिकेच्या पश्चिम भागांत तण म्हणून माजली आहे. तिकडील सायकलस्वार तिच्या कांट्यास शिंगांच्या आकारामुळें ‘बोकडाचें डोकें’ म्हणतात आणि तिच्या नांवानें बोटें मोडतात. तेव्हां गेवराईच्या पांदणींत टिकलेलें टायर ॲरिझोनांतही टिकण्याचा संभव आहे. आतां बहुतेक स्पर्धक आंतली ट्यूब काढून टाकतात आणि टायरांत चिकट द्रव भरतात. कांट्यानें पडलेलें भोंक हा द्रव आपोआप बुजवितो. हा द्रव उष्ण हवेंत लवकर सुकतो, म्हणून निघण्यापूर्वीं तो नवा भरावा, आणि तरीही एक ट्यूब, चिकटी व हातपंप बरोबर ठेवावाच. साखळीस दाट तेल पाजूं नये. त्यावर धूळ बसते आणि तीच कानशीसारखी दांते खाते. उन्हाळ्यांत गोदावरीच्या पात्रांतील कोरड्या वाळूंत सराव केला म्हणजे टायरांतील हवा किती कमी करावी हें हातास कळतें. पुस्तकानें तें कळत नाहीं. बालाघाटाच्या खडकाळ वाटांवर तीच हवा पुन्हां भरावी लागते, हेंही तेथेंच समजतें.

सामानाविषयीं स्पर्धकांत फार चर्चा चालते. कोणती पिशवी दांड्यास, कोणती बैठकीमागें, कोणती सांगाड्याच्या त्रिकोणांत. बीड जिल्ह्यानें यांत कोणाची शिकवण घेण्याची गरज नाहीं. दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारों कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात. अर्धें वर्ष पुरेल असा संसार एका गाडींत किंवा मालमोटारीच्या कोपऱ्यांत बसवावयाचा असतो: तवा, पातेलीं, पीठ, मीठ, कोयता, अंथरूण, कनात, आणि त्यावर मूल. काय न्यावें यापेक्षां काय मागें ठेवावें याचा निर्णय त्या घरांतील बाई घटकाभरांत करते, आणि तो चुकत नाहीं. फरक एवढाच कीं, तिच्या प्रवासास कोणी शर्यत म्हणत नाहीं आणि ती हौसेनेंही निघालेली नसते. हौसेनें निघणाऱ्या तरुणानें आपली पिशवी भरण्यापूर्वीं अशा एखाद्या घरासमोर उभें राहून तें बांधणें पाहावें.

त्या सामानांत एक उबदार वस्त्र असावें, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु वाळवंटांत दिवसा तापलेली भूमि रात्रीं लवकर निवते. आणि ॲरिझोनाची वाट तर फ्लॅगस्टाफजवळ सात हजार फुटांच्या आसपास उंचीवरून जाते, तेथें पाणी गोठण्याइतकी थंडी पडूं शकते. पाणी गाळण्याचें साधनही हवें, कारण तिकडे गुरांसाठीं बांधलेल्या, शेवाळलेल्या हौदांतलें पाणी प्यावें लागतें. गुरांच्या हौदाची ज्यास किळस येत असेल त्यानें घरींच राहिलेलें बरें.

आतां राहिलें तें परत फिरण्याविषयीं. हा निर्णय वाटेंत करूं नये. उष्णतेनें आणि जागरणानें माणसाची शक्ति जाण्यापूर्वीं त्याचा विवेक जातो. ज्यास अधिक धोका, त्यासच आपण ठीक आहोंत असें अधिक वाटतें. म्हणून नियम घरीं, डोकें थंड असतांना, कागदावर लिहून दांड्यास बांधावा: पाणी निम्में संपलें आणि पल्ला निम्मा झाला नसेल, तर मागें फिरावें. त्यांत अपवाद, सबबी, ‘पुढें हौद असेल’ असले तर्क नसावेत. त्याची एक प्रत घरच्या माणसांजवळ असावी. उपग्रहाद्वारें ठिकाण कळविणारी लहान पेटी हल्लीं स्पर्धक बाळगतात, आणि घरीं बसलेली आई नकाशावरचा ठिपका हलतांना पाहते. तो ठिपका दुपारभर एकाच जागीं थांबला म्हणजे तिच्या जिवाचें काय होतें, याचा विचार मुलानें आधीं करावा. दुपारीं सांवलींत थांबण्याचा बेत आहे, असें तिला निघण्यापूर्वींच सांगून ठेवलें तर तिच्या पोटांत घांस तरी जाईल.

शेवटची चांचणी दोन रात्रींची असावी. तलवाड्याहून पहांटे तीनला सर्व सामानासह निघावें, गेवराईवरून शहागडचा गोदावरीवरील पूल गांठावा, नदीकाठच्या कच्च्या वाटांनीं पैठणच्या दिशेनें जावें, रात्र उघड्यावर काढावी, दुसरी परतीच्या वाटेवर काढावी, आणि तिसऱ्या दिवशीं ऊन चढण्यापूर्वीं घरीं यावें. वाटेंत नातेवाइकांचें घर लागलें तरी आंत जाऊं नये. मावशी जेवल्यावांचून सोडणार नाहीं आणि चांचणी फुकट जाईल. घरीं आल्यावर अंगणांत घोंगडी पसरून पिशव्या उलट्या कराव्या. ज्या वस्तूस तीन दिवसांत हात लागला नाहीं ती काढून ठेवावी. फक्त दुरुस्तीचीं हत्यारें, औषधें आणि तें उबदार वस्त्र यांस हा नियम लावूं नये. मग टायरांतील सराटे मोजावे.