सावलीतली बाग

आंब्या-फणसाखाली किंवा घराच्या उत्तरेला काहीच धड येत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. चौकशी केली तर तिथं मोगरा नाहीतर गुलाब लावलेला असतो. त्यांना रोज पाच-सहा तास ऊन हवं, ते तिथं फुलायचे कसे? सह्याद्रीच्या रानात मात्र दाट सावलीतही जमीन हिरवीगार असते. तिथली झुडपं पसरट, पातळ पानांवर मिळेल तेवढा उजेड टिपतात. म्हणून सावलीत आधी पानांचा विचार करावा, फुलांचा मागाहून.

नेचे, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन इथं सुखानं वाढतात. क्रोटन मात्र कवडसे पडतात तिथं लावा. गडद सावलीत त्याचे लाल-पिवळे रंग उतरतात. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांनाही जरा जास्त उजेड लागतो, कारण पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच. लहान मुलं असतील तर डिफेनबेकिया लावूच नका. पान चावलं गेलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते.

फुलझाडांत तगर आणि अनंत सकाळच्या कोवळ्या उन्हावर भागवतात, आणि त्यांची पांढरी फुलं सावलीत दुरूनही उठून दिसतात. ओलसर कोपरा सोनटक्क्याला द्यावा. भर पावसाळ्यात संध्याकाळी अंगणभर वास दरवळतो. आणि अबोली! कोकण-गोव्यातल्या बायकांच्या केसांत माळलेली ही केशरी फुलं अर्ध्या सावलीत छान येतात. तिचं वाळलेलं बोंड भिजलं की तडकतं, बी लांब उडतं आणि पावसाळ्यात भोवती नवी रोपं सापडतात. मला तरी सावलीला याहून शोभणारं फूल दिसत नाही.

सावलीतली झाडं बहुधा पाण्याच्या अतिरेकानं जातात. तिथली माती सावकाश वाळते आणि रोज पाणी घातलं की मुळं कुजतात. बोटाचं एक पेर मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी घाला. पालापाचोळा झाडून टाकू नका, वाफ्यावर पसरा. फक्त खोडाला टेकू देऊ नका. झाडाखाली मुळांची दाटी असेल तर ती न तोडता कुंड्या मांडाव्यात.

आणि सगळं विकत आणायला नको. शेजाऱ्यांकडून तगरीची वीतभर फांदी, सोनटक्क्याचा एखादा गड्डा मागून घ्या आणि मृगाचे एक-दोन पाऊस पडून गेले की लावून टाका.