टेंडरमधला रिकामा रकाना



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. फॉर्म बनवता बनवता एक गोष्ट कळली: जो रकाना भरायची सक्ती नाही, तो माणसं रिकामा सोडतात. आज अशाच एका रकान्याबद्दल बोलतो.

जुलै 2025 मध्ये आपल्या संगमनेरात, कोल्हेवाडी रोडवर, भुयारी गटारीत दोघांचा गुदमरून जीव गेला. एक कामासाठी उतरला होता, दुसरा त्याला वाचवायला.

दुसरा का गेला, हे समजून घ्या. गटारीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो; प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास नाही म्हणून माणूस उतरतो आणि काही श्वासांत कोसळतो. तिथं धाडस कामी येत नाही. गॅस मोजणारं यंत्र, ब्लोअर, हवेचा पुरवठा असलेला मास्क, पट्टा आणि वर ओढायची सोय, हेच कामी येतं.

कायदा आहे. 2013 च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय गटारीत माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये मृताच्या वारसांना 10 लाख द्यायला सांगितले, 2023 मध्ये ते 30 लाख केले. म्हणजे मेल्यावर किती, हे ठरलेलं आहे. जिवंत ठेवण्यासाठी किती, हे अंदाजपत्रकात शोधावं लागतं.

गावात निधीवर वाद होतात ते असे: किती कोटी आले, कोणी आणले, कोणत्या प्रभागाला मिळाले. आपल्या मोहल्ल्यात गटार नाही, ही आपलीही तक्रार असते आणि ती रास्त आहे. पण ती गटार खोदणारा, साफ करणारा माणूस त्या चर्चेत नसतो. कोणी म्हणेल, खर्च वाढेल. वाढू दे. पाइप आणि सिमेंटचा खर्च आपण धरतोच ना? मग माणसाच्या श्वासाचाही धरा, आणि तो स्वतंत्र बाब म्हणून धरा. कमी दराच्या स्पर्धेत ठेकेदार सगळ्यात आधी तिथंच कात्री लावतो. साधनं जागेवर असल्याचा पुरावा नसेल तर बिल मंजूर होऊ नये. हा रकाना सक्तीचा करा.

आपण काय करू शकतो? तीन कामं.

एक, माहिती अधिकाराचा अर्ज. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. चालू कामाच्या अंदाजपत्रकात सुरक्षेसाठी किती रक्कम आहे, एवढंच विचारा.

दोन, बांधकाम खर्चावर उपकर घेतला जातो, तो बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी. वर्षात 90 दिवस काम केलेल्या कामगाराला मंडळात नोंदणी करता येते. तुमच्या गल्लीतल्या गवंड्याचा, बिगाऱ्याचा फॉर्म तुम्ही भरून द्या.

तीन, चेंबरमध्ये कोणी पडला तर आत उडी मारू नका, दुसऱ्यालाही मारू देऊ नका. 101 ला फोन करा.

त्या दिवशी उतरलेल्याचं मन मोठं होतं. तसं मन असलेल्या तरुणाला पुन्हा जीव द्यावा लागू नये, एवढी व्यवस्था आपण मागून घेऊ.