देवमाशाची भेट

मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या सान इग्नासिओ खाडीत दर हिवाळ्यात करडे देवमासे उत्तर ध्रुवाकडील थंड समुद्रातून येतात. अनेक माद्या तेथेच पिलांना जन्म देतात. एकोणिसाव्या शतकात अशाच खाड्यांत शिकाऱ्यांनी मातांचा संहार केला. पिलासाठी होड्या फोडणाऱ्या त्या मातेला, मराठीत जिला देवमासा म्हणतात तिला, त्यांनी ‘सैतान मासा’ ठरविले. १९७२ साली पाचिको मायोराल या कोळ्याच्या लहान होडीशेजारी असाच एक देवमासा वर आला. भयभीत कोळ्याने अखेर हात पुढे केला आणि त्यास स्पर्श केला. देवमासा शांत राहिला. आज पर्यटकांच्या होडीजवळ कित्येकदा सुमारे चाळीस फुटी माता स्वतःहून पिलाला घेऊन येते. प्राणी तोच आहे. बदलला तो मनुष्याचा हात.