रायगड किनाऱ्याचे वर्ष: तिथी, भरती आणि जत्रा

रायगड जिल्ह्याचा किनारा उत्तरेला उरणच्या मोरा-करंजापासून दक्षिणेला सावित्रीच्या मुखाशी असलेल्या हरिहरेश्वर-बागमांडल्यापर्यंत पसरला आहे. या पट्ट्यातले सण, जत्रा आणि हंगाम तिथीवर चालतात. जत्रा कोणत्या दिवशी भरायची हे चंद्र ठरवतो, त्या दिवशी पाणी किती वाजता चढायचे हेही तोच ठरवतो. त्यासाठी किनाऱ्यावर एक जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला अकरा-बाराला. सहा तास पुढे किंवा मागे गेले की ओहोटी. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीलाच पायी गाठता येतो, त्यामुळे पाहुण्यालाही हा हिशेब उपयोगी पडतो. मात्र पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जेवढे चढते तेवढेच लांब ओसरते, तर अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, ओहोटी असूनही वाट पुरती मोकळी होईलच असे नाही.

कोळीवाड्यांचे वर्ष श्रावणी पौर्णिमेला सुरू होते. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारीबंदी असते. माशांचा हा विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. त्या दिवसांत होड्या रंगवून, जाळी दुरुस्त करून तयार होतात. नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत किनाऱ्यावर येतो, पूजा होऊन समुद्राला अर्पण केला जातो, घरोघरी नारळीभात होतो. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, उरण या सगळ्या कोळीवाड्यांत हा दिवस साजरा होतो आणि पाहुण्याला तिथे मज्जाव नसतो.

इथे सरकारी तारीख आणि पंचांग यांचा मेळ मात्र बसत नाही. बंदी ठरलेल्या तारखेला उठते, पौर्णिमा दरवर्षी हलते. 2024 साली ती 19 ऑगस्टला होती, 2025 साली 8-9 ऑगस्टला; 2026 साली ज्येष्ठ अधिक असल्याने ती 27-28 ऑगस्टला. म्हणजे नारळ वाहण्याआधीच कधी आठवडाभर, कधी जवळजवळ महिनाभर होड्यांना दर्यात जाण्याची कायदेशीर मुभा मिळते. काही होड्या लगेच निघतात, काही पौर्णिमेची वाट पाहतात. बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवावी ही मच्छीमारांची जुनी मागणी आहे, आणि त्यामागे श्रद्धेइतकाच अनुभवही आहे: ऑगस्टच्या आरंभी वारा पडलेला नसतो.

श्रावणातच गोकुळाष्टमी येते. अलिबागजवळच्या कुरुळ गावात दहीहंडी विहिरीवर बांधतात. ती उडी घेऊन फोडायची आणि थेट पाण्यात पडायचे. थरांच्या आणि बक्षिसांच्या शहरी हंडीपुढे ही कितीतरी मोकळी वाटते.

भाद्रपदातल्या गणपतीची तयारी पेणमध्ये वर्षभर चाललेली असते. पेण शहर आणि जवळची हमरापूर, जोहे ही गावे म्हणजे गणेशमूर्तींच्या कारखान्यांची वसाहतच. येथून मूर्ती मुंबई-पुण्याला आणि परदेशी जातात. कारखाने पाहायचे असतील तर चतुर्थीच्या आधी महिना-दोन महिने जावे. रंगकाम आणि डोळ्यांची आखणी तेव्हा चाललेली असते. प्रत्यक्ष चतुर्थीच्या दिवसांत मात्र कोकणात फिरायला निघणे शहाणपणाचे नाही. मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांची रांग लागलेली असते आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या यजमानांच्या घरी स्वतःचाच गणपती बसलेला असतो. ज्यांना ओळखीच्या घरचे आमंत्रण आहे त्यांनी जरूर जावे. गौरी-गणपतीची आरती, भजन आणि दक्षिण रायगडात पायांत चाळ बांधून घुमणारा जाखडीचा नाच, ज्याला बाल्या नाचही म्हणतात, हे घरातून आणि अंगणातूनच पाहायचे असते.

भात कापून झाले, रस्ते सुकले, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे आले, की जत्रा सुरू होतात. अलिबाग तालुक्यात त्या एकामागून एक येतात. कार्तिकी पौर्णिमेला मापगावजवळच्या कनकेश्वराच्या डोंगरावर, आंग्र्यांच्या काळात बांधलेल्या दगडी पायऱ्या चढून लोक जातात. कार्तिक वद्य एकादशीला वरसोलीच्या विठोबाची यात्रा भरते. पंढरपूरची वारी न घडलेल्यांची ही धाकटी पंढरी. तीन दिवसांनी, चतुर्दशीला, आवासच्या नागेश्वराची.

या मालिकेतली मोठी यात्रा चौल-भोवाळ्याच्या दत्ताची. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, ती सुरू होते आणि पाच दिवस चालते. देऊळ डोंगरावर, बाजार पायथ्याशी. मिठाईची दुकाने, भांडी, खेळणी, आकाशपाळणे अशी सगळी गर्दी खाली असते. गाडी दूर ठेवून चालत जावे लागते. चढायला पहाट बरी. दिवस वर आला की पायऱ्यांवर गर्दी दाटते. एकेकाळी चौल हे पश्चिम किनाऱ्यावरचे नावाजलेले बंदर होते. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि वर्षातले हे पाच दिवस त्या वाड्यांमधल्या वाटा पुन्हा बंदरासारख्या गजबजतात.

चौलच्या खाडीपलीकडे कोर्लई. 1740 साली पोर्तुगीज हा प्रदेश सोडून गेले, पण किल्ल्याखालच्या गावातले ख्रिस्ती लोक आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. नाताळ येथे गावचा सण आहे. पाहुण्यांसाठी वेगळा कार्यक्रम नसतो आणि तो नसावाही.

पौष-माघात शेतातल्या उरलेल्या ओलीवर वाल तयार होतो आणि पोपटीचे दिवस येतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, वर पुन्हा पाला, मग मडके उपडे ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. पाणी घालायचे नाही. पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावर सगळे शिजते आणि भांबुर्ड्याचा वास शेंगेला लागतो. हॉटेलांनी ‘पोपटी महोत्सव’ सुरू केले असले, तरी हे मूळचे शेताच्या बांधावरचे, थंडीतल्या रात्रीचे जेवण आहे. याच सुमारास अलिबागचा पांढरा कांदा निघू लागतो. कार्ले, खंडाळे या भागातल्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रस्त्याच्या कडेला तो माळा करून टांगलेला दिसतो.

माघ शुद्ध चतुर्थीला नांदगावच्या सिद्धिविनायकाची यात्रा असते. दिवेआगरला आणि कुलाबा किल्ल्यातल्या गणेश पंचायतनालाही त्या दिवशी दर्शनाला लोक येतात. पाऊणपटीचा आडाखा इथे कामाला येतो: चतुर्थीची भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. किल्ल्यात जाऊन अकराच्या आत परतावे.

त्यानंतरच्या किंवा मागच्या पौर्णिमेच्या आसपास आणखी एक सण असतो, बाहेरच्या फारशा कोणाला ठाऊक नसलेला. बेने इस्रायली ज्यू, म्हणजे इथले ‘शनवार तेली’, आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले असे सांगतात. खंडाळ्याजवळ एका खडकाला ते एलियाहू हनाबी या प्रेषिताचे स्थान मानतात. ज्यू पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी तिथे पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा होतो. हे पंचांगही चांद्रमासाचे आणि अधिक महिना धरणारे असल्यामुळे हा दिवस नेहमी पौष किंवा माघाच्या पौर्णिमेलगत येतो. बहुतेक मंडळी इस्रायलला गेली, तरी तिकडून येणारे हा दगड पाहिल्याशिवाय परतत नाहीत. हिजरी वर्षात अधिक महिना नाही, म्हणून मुरुड-श्रीवर्धन भागातले उरूस मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतात.

फाल्गुनात शिमगा. दक्षिणेकडे ग्रामदेवतांच्या पालख्या घरोघरी जातात, कोळीवाड्यांत होड्या सजतात. चैत्रात चौल-आग्रावचे कोळी एकवीरेच्या पालखीच्या मानासाठी घाटावरच्या कार्ल्याला जातात.

किनाऱ्यावर, विशेषतः अलिबाग-नागावच्या वाळूवर, बैलगाड्यांच्या शर्यतीही होतात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली त्या बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. ओहोटीची ओली, घट्ट वाळू हीच इथली धावपट्टी, तेव्हा शर्यतीची वेळही पाणी ठरवते.

थंडीत अंडी घातलेल्या ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर पडतात. हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगर येथे घरटी आढळतात. पण नावारूपाला आला तो खाडीपलीकडच्या, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचा कासव महोत्सव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली तिथे संवर्धन सुरू केले. बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोटीने जाता येते. पिल्ले सकाळी आणि सायंकाळी सोडतात. एखाद्या दिवशी एकही निघत नाही, याची तयारी ठेवावी.

वैशाखात आंबा, आणि त्याच्या जोडीला आगोट. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी म्हणजे आगोट: सुके बोंबील, सोडे, जवळा, मसाले, कांदे, चिंच. मेच्या आठवडी बाजारांत सुक्या मासळीचे ढीग लागतात, आणि ही खरेदी पाहुण्यानेही करून घ्यावी. जूनपासून सुमारे तीन महिने गेटवे-मांडवा लाँच आणि राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या बंद असतात. 2020 साली सुरू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो हवामान पाहून पावसातही चालते, आणि काशीदसारख्या किनाऱ्यांवर त्या दिवसांत पाण्यात उतरण्यास मनाई असते.