सिद्धतेला चाचणीची साथ



नागपूरहून उमरेडमार्गे आपण या परिषदेसाठी इथवर आलात. स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे भिवापुरात मनःपूर्वक स्वागत करतो.

आमच्या गावच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिचा सौदा करताना व्यापारी ढिगातली मूठभर मिरची पाहून भाव ठरवतो. मिरचीला तेवढे पुरते, सॉफ्टवेअरला पुरत नाही. दोन ३२-बिट संख्या घेणारे साधे फंक्शन सगळ्या जोड्यांवर तपासायचे म्हटले, तर सेकंदाला १ अब्ज चाचण्या घेऊनही ५८४ वर्षे लागतील. म्हणून गणिती सिद्धता हवी.

पण सिद्धता स्वस्त नसते. एसईएल४ या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातल्या सी भाषेच्या सुमारे ८,७०० ओळी २००९ मध्ये सिद्ध झाल्या, त्यासाठी सिद्धतेच्या सुमारे २ लाख ओळी लिहाव्या लागल्या. कोट्यवधी ओळींच्या प्रणालीला हे झेपणारे नाही. कुठे सिद्ध करायचे आणि कुठे चाचणीवर विसंबायचे, याची निवड हेच मोठ्या प्रकल्पातले खरे कौशल्य.

उदाहरणार्थ, अमेझॉनच्या अभियंत्यांनी २०११ पासून टीएलए प्लस ही आराखडे मांडण्याची भाषा वापरून कोडऐवजी आराखडेच तपासायला घेतले. डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसच्या आराखड्यात ३५ पायऱ्यांनंतर उघडी पडणारी चूक त्यातून सापडली. नेहमीच्या तपासण्या आणि चाचण्या यांतून ती निसटली होती.

आपल्या पुण्यात १९८१ मध्ये टाटांचे टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र सुरू झाले. तिथल्या टीसीएसच्या संशोधकांनी घडवलेले व्हेरिअ‍ॅब्स हे साधन प्रोग्रॅममधल्या लूपची रचना पाहून पद्धत निवडते: कुठे इंडक्शन, कुठे मॉडेल चेकिंग, तर कुठे फझ टेस्टिंग. आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर पडताळणी स्पर्धेत २०२० साली रीचसेफ्टी गटात ते पहिले आले. सिद्धता आणि चाचणी एकत्र नांदू शकतात, हे मराठी मुलखातच दिसले, याचा मला अभिमान वाटतो.

विद्यार्थी मित्रहो, तर्कशास्त्र आणि डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स केवळ परीक्षेपुरते ठेवू नका. पुढच्या प्रकल्पात कोडच्या आधी अपेक्षित वर्तन नेमक्या शब्दांत लिहा. अभियंत्यांना विनंती, आराखड्याच्या पहिल्याच बैठकीला सिद्धता जाणणाऱ्याला बोलवा. आणि प्राध्यापकांनो, कारखान्यातला खरा, गुंतागुंतीचा कोड वर्गात आणा.

या परिषदेत विद्यार्थी, अभियंते आणि प्राध्यापक या तिघांनी मोकळेपणाने बोलावे, एकमेकांना अडचणीचे प्रश्न विचारावेत. आपली सोय पाहायला भिवापूरकर तत्पर आहेत. पुन्हा एकदा आपले स्वागत.