जुना कॉम्प्युटर आणि आपल्या गटाचं व्याज

 

आज आम्ही एका छंदाबद्दल बोलणार आहोत. कुणी जुनी नाणी जमवतं, कुणी तांब्या-पितळेची भांडी. तसे काही लोक चाळीस वर्षांपूर्वीचे घरगुती कॉम्प्युटर जपतात, दुरुस्त करतात आणि त्यांच्यासाठी आजही नवे प्रोग्रॅम लिहितात. तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट पैशाशी आहे.

आधी हे कॉम्प्युटर कसे होते ते ऐका. १९८२ साली इंग्लंडमध्ये ‘स्पेक्ट्रम’ नावाचा छोटा कॉम्प्युटर आला. तो घरच्या टीव्हीला जोडायचा. आपण भजनं ऐकायचो तसल्या कॅसेटवर प्रोग्रॅम साठवायचा. पुढे १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तो भारतातही आणला. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून सुमारे २५० शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ नावाचे कॉम्प्युटर मिळाले. त्याची स्मरणशक्ती होती ३२ केबी. आपल्या मोबाईलवर रोज येणारा ‘शुभ सकाळ’चा एक फोटोसुद्धा बहुधा याहून जड असतो.

पण या यंत्रांची एक गंमत होती. सुरू केलं की ते तुमच्या आज्ञेची वाट बघत थांबायचं. आज्ञा द्यायची भाषा होती ‘बेसिक’. ती १९६४ साली अमेरिकेतल्या एका कॉलेजात तयार झाली. गणित-विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर वापरता यावा, हाच तिचा हेतू होता. बीबीसी मायक्रोवरचं बेसिक सोफी विल्सन या बाईंनी लिहिलं. आज बहुतेक मोबाईलमध्ये ‘आर्म’ जातीचा प्रोसेसर असतो, त्याच्या आज्ञांचा पहिला आराखडाही त्यांचाच. कॉम्प्युटर हे बाईमाणसाचं काम नाही असं कुणी म्हणालं, तर हे नाव सांगा.

हा छंद करायला आता जुनं यंत्र विकत घ्यावं लागत नाही. बीबीसी बेसिक मोबाईलवर फुकट मिळतं. आमच्या गटांतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी ते घेतलं आणि आम्ही त्यांना आपलाच हिशोब घातला. १०,००० रुपये कर्ज, महिना शेकडा २ व्याज, दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल परत, दहा महिने.

बेसिकमध्ये ओळींना १०, २०, ३० असे आकडे देतात. मध्ये जागा ठेवायची, म्हणजे विसरलेली ओळ नंतर घालता येते. आज्ञा इंग्रजीत असतात, पण इथे लागतात त्या मोजक्याच. त्यांचा अर्थ मराठीत असा:

ओळ १०: व्याज शून्य धर.
ओळ २०: शिल्लक १०,००० पासून १,००० पर्यंत, दर वेळी हजाराने कमी करत जा.
ओळ ३०: दर वेळी शिल्लक रकमेचे शेकडा २ व्याजात मिळव.
ओळ ४०: पुढचा महिना घे.
ओळ ५०: एकूण व्याज दाखव.

मग ‘रन’ म्हणायचं. उत्तर आलं १,१००. आमच्या वहीतही तेवढंच होतं.

आता नीट ऐका. मुलींनी ३० नंबरच्या ओळीत ‘शिल्लक’ हा शब्द काढून तिथे १०,००० लिहिलं. म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या रकमेवरच. उत्तर आलं २,०००. दर तोच, मुदत तीच, एक शब्द बदलला आणि बाईच्या पदरचे ९०० रुपये गेले. याला ‘फ्लॅट’ व्याज म्हणतात. पहिलं होतं ते घटत्या शिल्लकेवरचं.

बाहेरचं कर्ज देणारा माणूस मोबाईल पुढे धरतो, हप्ता दाखवतो आणि म्हणतो, “ताई, हे सिस्टीमने काढलंय.” आपण गप्प बसतो. पण सिस्टीम म्हणजे कुणीतरी लिहिलेल्या ओळीच. ती आकाशातून पडत नाही. ज्या बाईने स्वतः पाच ओळी लिहून पाहिल्या, ती विचारते, “व्याज कशावर धरलंय? पहिल्या रकमेवर, की उरलेल्या?” हा प्रश्न सही करण्याआधी विचारायचा असतो.

आजच्या मोबाईलमध्ये सगळं तयार मिळतं, आतलं काही दिसत नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या पाच ओळी मात्र चुलीसारख्या उघड्या असतात. जाळ कुठे आहे ते दिसतं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत गटाची वही, एक मोबाईल आणि घरातली एखादी शिकणारी मुलगी, तिन्ही सोबत आणा. आधी वहीतलं एक कर्ज हातानं काढा, मग ओळी लिहा, आणि दोन्ही उत्तरं जुळतात का बघा. जुळली नाहीत, तर एकेक ओळ मोठ्यानं वाचा. चूक सापडते.

नमस्कार.