जर्सीवरील चिन्ह आणि विक्रीचा परवाना
(संस्थेच्या युवक मार्गदर्शन शिबिरातील भाषण)



आम्ही बँकेत लिपिक आहोत, शिक्षण कला शाखेचे. वकील नाही, व्यापारी तर मुळीच नाही. तरी या विषयावर बोलण्याचे कारण आपल्याच वस्तीत घडले. गेल्या हंगामात धान निघाल्यावर एका होतकरू मुलाने आईच्या बचत गटातून कर्ज काढून 60 जर्सी आणल्या. रंग निळा, छातीवर मुंबई इंडियन्सचे चिन्ह. नगाला 140 रुपये, एकूण 8,400. रात्रीच्या कबड्डी सामन्यांत 250 ला विकायच्या, असा त्याचा हिशेब. पुढे दुकान टाकायचे म्हणून तो मुद्रा कर्जाची चौकशी करायला बँकेत आला. आम्ही बिल मागितले. त्याने चिठ्ठी दाखविली. तिच्यावर आकडा होता, दुकानाचे नाव नव्हते. मग त्यानेच विचारले, "काका, हे विकायला लायसन लागते काय?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर तशीच एक जर्सी आम्हीही मुलासाठी बाजारातून आणली होती.

नंतर आम्ही कायदा वाचला. आयपीएल 2008 साली सुरू झाले. लीगचे चिन्ह क्रिकेट नियामक मंडळाचे, टीमचे चिन्ह त्या टीमच्या मालक कंपनीचे. 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीतही पुणेरी पलटण, यू मुंबा यांच्या चिन्हांना मालक आहेतच. ते चिन्ह कापडावर छापायचे तर मालकाशी लेखी करार करावा लागतो. यालाच परवाना म्हणतात. तो तहसील कचेरीत मिळणारा दाखला नव्हे. कोणता माल, कोणत्या भागात, किती वर्षे, हे करारात ठरते. नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो. विक्रीवर रॉयल्टी द्यावी लागते आणि बहुधा किमान रकमेची हमीही. समजा, रॉयल्टी शेकडा 10 आणि हमी 5 लाखांची. म्हणजे 50 लाखांचा माल खपला तरच हमीची भरपाई. न खपला तरी 5 लाख भरायचेच. आपल्या इंदिरा गांधी चौकातील दुकानदाराने या भानगडीत पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि पडण्याची गरजही नाही. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 30 प्रमाणे, मालकाने किंवा त्याच्या संमतीने बाजारात आणलेला अस्सल माल रीतसर विकत घेतला, तर तो आहे तसा पुढे विकण्यास आडकाठी नाही. परवानाधारक उत्पादकाकडून किंवा त्याच्या वितरकाकडून पक्क्या बिलावर माल घ्यावा, एवढेच. पाटीवर "अधिकृत विक्रेता" असे मात्र संमतीवाचून लिहू नये.

नकली मालाची गोष्ट वेगळी. कलम 104 प्रमाणे तो विकणाऱ्यास 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. छापणारा कुठेतरी दूर शहरात. माल सापडतो तो ठेल्यावर. योग्य ती खबरदारी घेतली, संशयाला जागा नव्हती आणि माल कोणाकडून घेतला हेही सांगितले, एवढे सिद्ध केल्यास विक्रेत्याला बचाव आहे. पण चिठ्ठीवर नावच नसेल तर सांगणार काय?

"नकली आहे असे सांगूनच विकतो ना!" असे कोणी म्हणेल. लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबच्या मैदानाबाहेर मॅथ्यू रीड नावाचे गृहस्थ 1970 पासून मफलर वगैरे विकत. माल क्लबचा अधिकृत नाही, अशी पाटीही त्यांनी ठेल्यावर लावली होती. क्लब न्यायालयात गेला. 2002 साली युरोपीय न्यायालयाने पाटीचा हा बचाव पुरेसा मानला नाही आणि 2003 साली इंग्लंडच्या अपील न्यायालयात रीड हरले. एवढ्या वर्षांचा ठेला! आम्हाला त्यांच्याबद्दल वाईटच वाटते.

आपल्या मुलाने त्या जर्सी विकल्या नाहीत. आता तो साध्या बनियनींवर गावोगावच्या कबड्डी मंडळांची नावे व नंबर छापून देतो. मंडळाने सांगितले तर चिन्हही स्वतःच काढतो. ते कोणाचे पाहून काढलेले नसावे, ही तंबी आम्ही दिली आहे. स्वतःच्या छापाची नोंदणी करायची तर एका व्यक्तीला एका वर्गासाठी ऑनलाइन 4,500 रुपये शुल्क पडते आणि ती 10 वर्षे टिकते. पण ते पुढचे पाहू. बचत गटाचे दोन हप्ते अजून बाकी आहेत. जर्सींचे गाठोडे त्याच्या आईने माळ्यावर टाकले आहे.